याकोबभाऊंची साक्ष आणि माझी

पहिली शिफ्ट सुटली आणि चाकणच्या बसथांब्यावर आमच्या कारखान्यातल्या सुनीताताईंचा फोन आला. "दत्ताभाऊ, याकोबभाऊ गेले... सकाळी छातीत दुखलं, दवाखान्यात नेईस्तोवर संपलं." मला रडू आलं, पण त्याआधी शरम वाटली. तिचं कारण आज सांगायचं आहे.

याकोब साळवे आमच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या विभागात, मेन्टेनन्स फिटर होते. मूळचे नगरकडचे, राहायला पिंपळे गुरवला. रविवारी कितीही ओव्हरटाइम असला तरी यायचे नाहीत. "रविवारी चर्च," एवढंच सांगायचे. मी चाकणजवळच्या खेड्यातला शेतकऱ्याचा पोरगा. मशीनला हात कसा लावायचा हे मला त्यांनीच शिकवलं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. माल वेळेत जात नव्हता. हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर सारखा काम अडवत होता. सुपरवायझर म्हणाले, "काढून टाका तो, पुढचं मी बघतो." भाऊंनी दोनदा नकार दिला, तिसऱ्यांदा सेन्सरची वायर सोडवली. मी शेजारीच उभा होतो. दोन दिवसांनी त्या प्रेसवर सुनीताताईंची दोन बोटं गेली.

चौकशीत कंपनीनं सांगितलं, वायर बाईंनीच काढली. भाऊंचं नाव कुठेच नव्हतं. गप्प बसले असते तर निवृत्तीपर्यंत नोकरी टिकली असती. ते उठून म्हणाले, "वायर मी सोडवली. सांगितलं सुपरवायझरनी, पण हात माझे होते." सुपरवायझरनी साफ नाकारलं. मग मला विचारलं गेलं. नुकताच पर्मनंट झालो होतो, घरी म्हातारे आईवडील... मी म्हणालो, "मी काही ऐकलं नाही."

सुनीताताई निर्दोष ठरल्या, स्टोअरमध्ये कामाला लागल्या. भाऊंनी मनानंच सेन्सर काढला असं ठरवून त्यांना कामावरून कमी केलं. सुपरवायझर मॅनेजर झाले.

पुढे चऱ्होलीतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये भाऊ भेटले. मी चिडून विचारलं, चीड खरं तर स्वतःचीच होती, "कुठं हाय तुमच्या देवाचा न्याय? करणारा केबिनमध्ये बसलाय अन् तुम्ही इथं!"

हात पुसत ते म्हणाले, "त्यांचं काय करायचं ते देव बघेल, दत्ता. मला तो माझ्या हातांबद्दल विचारणार, तेवढं मला पुरे."

मग त्यांनी चहा सांगितला. माझ्या खोट्या साक्षीबद्दल अवाक्षर नाही... बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

दफनविधीनंतर आम्ही त्यांच्या घरी बसलो होतो. सुनीताताई भाऊंच्या पत्नीला, मार्थावहिनींना म्हणाल्या, "माझ्यावरचा डाग भाऊंनी पुसला. त्यांच्यावरचा कोण पुसणार?"

"मी," माझ्या तोंडून निघालं. मग सगळं सांगितलं.

"आता सांगताय?" ताईंचा आवाज चिरकला.

"व्हय. लई उशीर केला."

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग उठल्या, कागद आणि पेन आणून पुढ्यात ठेवलं. "लिहा. घाई करू नका, पण पुरतं लिहा."

दुसऱ्या दिवशी तो कागद मी कंपनीत दिला, एक प्रत कारखाने निरीक्षकांच्या कार्यालयात. आता मी निलंबित आहे. चौकशी पुन्हा उघडली आहे, सोमवारी मला बोलावलंय. निकाल काय लागेल ठाऊक नाही, पण माघार घेणार नाही.

काल वहिनींकडे गेलो होतो. बाहेरच्या खोलीत खुंटीला भाऊंचा चर्चला जायचा पांढरा शर्ट अजून इस्त्री करून टांगलेला आहे. वहिनींनी तो काढून माझ्या हातात दिला. "सोमवारी हा घालून जा."

खांद्यात थोडा सैल होतो. तोच घालून जाणार आहे.