कुलूप ओढून बघ

सायकलला कुलूप लावलं की दादा ते मला ओढून बघायला सांगायचे. "लावणाऱ्याच्या हातावर भरवसा ठेवू नये." मूळचे नांदेडचे, जर्मनीत ड्रेस्डेनला चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. आम्ही मराठी विद्यार्थी समोर दादा म्हणायचो, मागे तपासनीस.

संध्याकाळी ते एक ओपन सोर्स प्रोग्राम सांभाळायचे. प्रयोगशाळेतल्या यंत्रांच्या नोंदी वाचणारा. कोणीही वापरावा, कोणीही दुरुस्त करावा, सगळं फुकट. मला तिथंच शंका आली. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. फुकट राबण्याचं काम मागच्या पिढ्यांनी पुरेसं करून ठेवलं होतं.

"यात तुम्हाला काय मिळतं, दादा?"

"तूच शोध की."

जर्मन लोक साडेएकवीस अंश लिहिताना टिंबाऐवजी स्वल्पविराम देतात. प्रोग्राम तो गिळायचा आणि खोलीचं तापमान दोनशे पंधरा दाखवायचा. मी दुरुस्ती केली, दादांना मेल केली. त्यांनी उघडलीच नाही. "माझ्या कानात सांगू नकोस. चूक काय ते आधी सगळ्यांसमोर मांड, मग दुरुस्ती टाक. ती चालते हे दाखवणारी चाचणी सोबत जोड."

चारचौघांत माझं हसं करायचा बेत असणार, हे मी धरूनच चाललो. झालंही तसंच. "चाचणी कुठे आहे?" असं जगासमोर लिहून त्यांनी दुरुस्ती परत पाठवली. मी तडक त्यांच्या घरी गेलो.

"आपल्याच माणसाला अडवता?"

"आपला म्हणून आत घेतलं, तर ते तुझ्या हिमतीवर झालं असं कोण म्हणेल?"

चाचणी जोडली, तेव्हा घेतली. माझ्या नावानं. बाबांना फोनवर अभिमानानं सांगितलं. ते म्हणाले, "बरं. देतात किती?"

दादा कायमचे भारतात निघाले तेव्हा स्टेशनवर म्हणाले, "आल्झो, तर मग, आता कोणाची दुरुस्ती आत घ्यायची ते तू ठरवायचं."

"मीच का? एवढे हुशार लोक आहेत."

"हुशार पुष्कळ आहेत रे. तुझा कोणावर विश्वास नाही, माझ्यावरही नाही. तसलाच माणूस हवा होता."

मला त्यातही डाव दिसला.

माझ्याकडे आलेली पहिली दुरुस्ती दादांचीच होती, नांदेडहून. काम स्वच्छ, पण चाचणी नव्हती. मी सगळ्यांदेखत परत पाठवली. लगेच उत्तर आलं, "गेनाऊ, अगदी बरोबर. कुलूप नीट लागलंय."

ते चाचणी विसरले होते, की मुद्दाम गाळली होती? विचारायला आता दादा हयात नाहीत. माझा संशय मात्र आहे.