साक्ष दिल्यानंतरचे आठ दिवस

अनुसयाबाईंचं नाव आधी लिहिते. कोयनानगरला धरणाच्या कामावर होतो तेव्हा त्या आमच्या शेजारच्या खोलीत राहत, खडी वाहायचं काम करत. माझ्या मुलीच्या, रुथच्या, आजारपणानंतर मी मंडळीत, म्हणजे आमच्या रविवारच्या उपासनेत, उभी राहून देवाचे आभार मानले, डॉक्टरांचे मानले, सिस्टरांचे मानले. अनुसयाबाईंचं नाव घेतलं नाही. त्या आमच्या धर्माच्या नाहीत, लोक काय म्हणतील, असं वाटलं. ते मला अजून टोचतं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. माहेर-सासर दोन्ही नगरकडं, तेव्हा हाताशी आपलं म्हणावं असं कोणी नव्हतं. लिहिण्यात चूक झाली तर समजून घ्यावं. ज्या आयाबापांवर अशी वेळ येईल त्यांच्यासाठी लिहिते आहे.

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी रुथच्या पोटाचा एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरला. बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "याला विल्म्स ट्यूमर म्हणतात. लहान मुलांच्या मूत्रपिंडात होणारी गाठ."

यांनी विचारलं, "साधी ना, साहेब?"

"नाही. कॅन्सरची आहे."

कॅन्सर तंबाखू खाणाऱ्या म्हाताऱ्यांना होतो एवढंच मला माहीत होतं. रुथ तीन वर्षांची होती. ती टेबलावर बसून डॉक्टरांच्या नळीशी खेळत होती. मला ऐकू येईना. डॉक्टरांचे ओठ हलताना दिसत होते तेवढेच.

गाठ मलाच सापडली होती, पंधरा दिवसांपूर्वी, अंघोळ घालताना. उजव्या कुशीत, लिंबाएवढी, टणक. दुखत नव्हती. पोर हसत होती. मला वाटलं वायगोळा असेल, म्हणून मी चार दिवस एरंडेल लावून चोळलं. पुढं दवाखान्यात तिच्या खाटेला पाटी लावली, 'पोट दाबू नये'. अशी गाठ दाबली तर फुटते आणि आजार पोटभर पसरतो, असं सिस्टरनं सांगितलं. मी चोळलं होतं हे मी कितीतरी दिवस कुणाला सांगितलं नाही. तुम्ही चोळू नका. दुखत नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.

कॉलनीच्या डॉक्टरांनी साताऱ्याला धाडलं, साताऱ्यात एक्स-रे काढून त्यांनी सांगलीला धाडलं. असं करत आम्ही तिथं पोहोचलो होतो.

तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. उजवं मूत्रपिंड गाठीसकट काढलं. "एका मूत्रपिंडावर माणूस आयुष्यभर जगतं," डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली, पण विश्वास बसला नाही. ऑपरेशनच्या खोलीबाहेर हे गुडघे टेकून प्रार्थना करत होते. मला गुडघेही टेकवेनात. खाली बसले तर परत उठता येणार नाही, असं वाटत होतं.

जखम भरल्यावर किरणं सुरू झाली. त्याला डीप एक्स-रे म्हणत. फोटो काढायच्या किरणांहून जास्त जोराची किरणं पोटावर सोडतात, म्हणजे मागं राहिलेलं आजाराचं बी मरतं. खोलीत पोर एकटीच. दार बंद. मी बाहेरून मोठ्यानं आकडे म्हणायचे, ती आतून म्हणायची, आणि तोवर हलायचं नाही असं ठरलं होतं. एकदा चौदानंतर तिचा आवाज आला नाही. मी दारावर मुठी मारल्या. झोप लागली होती तिला.

वीस वेळा किरणं द्यायची होती. अकरा झाली आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार कमी झाल्या. त्या आजाराशी लढतात. डॉक्टर म्हणाले, "पंधरा दिवस घरी न्या, चांगलं खाऊ घाला. पण परत या. अर्ध्यावर सोडलं तर केलेलं सगळं वाया जाईल." त्यांनी कार्डावर तारीख लिहून दिली.

घरी आल्यावर रुथ भाकरी मागून खाऊ लागली. पोट सपाट झालं. दारात उड्या मारू लागली. दुसऱ्या रविवारी मंडळीत मी उठले. कुणी सांगितलं नव्हतं. माझं मन भरून आलं होतं. मी साक्ष दिली, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगितलं. म्हणाले, "माझी रुथ पूर्ण बरी झाली. देवानं तिला बरं केलं." बायका रडल्या. बुधवारी आमच्या खोलीत उपकारस्तुतीची सभा झाली, भजनं झाली, सगळ्यांना गोड भात दिला.

आणि मग कार्डावरची तारीख आली.

ती तारीख मी जाऊ दिली. का, ते सांगणं कठीण आहे. बरी झाली असं देवाचं नाव घेऊन चारचौघांत बोलले होते. आता परत न्यायचं, म्हणजे माझा विश्वास नाही असं देवाला सांगायचं. तो रागावला तर? दिलेलं परत घेतलं तर? आणि खरं सांगायचं तर लोकांचीही लाज होती. हे दुहेरी पाळीवर होते. मला म्हणाले, "तू म्हणशील तसं करू." मी कार्ड पेटीत कपड्यांखाली ठेवलं. दिवसातून दहादा तिच्या पोटावरून हात फिरवायचे, पण बोटं दाबायचे नाही.

तारीख उलटल्याच्या आठव्या दिवशी अनुसयाबाई कामावरून येताना दारात थांबल्या. "काय गं, पोरीला घिऊन कवा जायाचं हाय? मागच्या आटवड्यातच म्हनली हुतीस न्हवं?"

मी म्हटलं, "ती बरी झाली, अनुसयाबाई."

"कोन म्हनलं? डाक्टर?"

त्यांनी घमेलं खाली ठेवलं आणि उंबऱ्यावर बसल्या. मग मी रडत रडत सगळं सांगितलं, साक्षीचं, सभेचं, भीतीचं. वाटलं होतं, हसतील.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्या धन्यानं बुद्धाची दीक्षा घेतली न्हवं, तवा देव्हाऱ्यातलं समदं देव टोपल्यात घालून वड्यात सोडलं. मला लय भ्या वाटलं. पंधरा दिस झोपले न्हाई. म्हनलं आता कोपत्याल, पोरं उचलत्याल. जरा खोकलं पोरगं की माझं काळीज हातात. काय झालं न्हाई बग. तवापासनं मला कळतंय, द्येवाचं भ्या कसलं असतंय ते." मग रुथकडं बघून म्हणाल्या, "तुझा द्येव चांगला हाय म्हनतीस ना? मग पोरगी दवाखान्यात न्हेली म्हनून रुसनारा कसा गं त्यो? सासू हाय का?"

मला रडता रडता हसू आलं.

"आमी द्येव सोडलं, पर दवाखाना न्हाई सोडला. तुला दोनी हायती तर एक कशापायी टाकतीस? ऊठ. सकाळच्या यश्टीनं निगू. मी येते."

"तुमचं काम?"

"धरन काय पळून जातंय व्हय?"

यांना रजा मिळाली नाही. अनुसयाबाई आल्या. कऱ्हाडला गाडी बदलली. वळणावळणाच्या रस्त्यानं रुथनं त्यांच्या लुगड्यावर तीनदा उलटी केली. त्या एवढंच म्हणाल्या, "वक गं बाई, जुनंच हाय."

डॉक्टरांनी कार्ड पाहिलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "हा आजार लवकर छातीत जातो," म्हणाले. "आधी फुप्फुसांचा फोटो काढू. मग पुढचं बोलू."

फोटो धुऊन वाळेपर्यंत बाकावर बसायचं होतं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब वेळ तो. देवाला काय म्हणावं ते सुचेना. आधी मी मागायचे, भांडायचे, वचनं द्यायचे. त्या दिवशी तोंड उघडलं की एकच येत होतं, माझ्या बोलण्याची शिक्षा हिला देऊ नको. मी दोनदा उठून बाहेर जाऊन आले.

अनुसयाबाई म्हणाल्या, "तुमची ती प्रार्थना म्हन की मोट्यानं. मी बसते गप." आणि त्यांनी डोक्यावरून पदर घेतला. रुथ त्यांच्या मांडीवर झोपली होती. मी प्रार्थना म्हटली. अडखळत, अर्धी. शेवटी काहीतरी म्हणायचं असतं हे त्यांना ठाऊक होतं, पण आमेन हा शब्द माहीत नव्हता. त्या म्हणाल्या, "बरं."

डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, "छाती साफ आहे." मग लगेच, "पण हे आजचं सांगतोय. उद्यापासून एकही दिवस चुकवायचा नाही."

उरलेली नऊ वेळची किरणं पूर्ण केली. मधे दोन रविवार आले, तेव्हा मशीन बंद असे. अकरा दिवस अनुसयाबाई खाटेच्या पायथ्याशी चटई टाकून राहिल्या. वॉर्डातल्या बायका विचारायच्या, कोण लागता? त्या म्हणायच्या, "तिची सासू." आणि मला डोळा मारायच्या.

परत आल्यावर मी मंडळीत पुन्हा उभी राहिले. सांगितलं, की मी घाई केली होती, रुथचे उपचार चालू होते, मी ते लपवून आठ दिवस चुकवले. देवाचे, डॉक्टरांचे, सिस्टरांचे आभार मानले; अनुसयाबाईंचं नाव मात्र घेतलं नाही. उपासना चालवणारे पाळकसाहेब म्हणाले, "डॉक्टरांकडे नेलंत, तेही देवाचंच ऐकलंत." मागून एक म्हातारी म्हणाली, "बस आता खाली पोरी, दमलीस." एवढंच झालं. ज्या गोष्टीला मी पोरीच्या जिवापेक्षा जास्त भ्याले, ती एवढीशी होती.

आता दोन वर्षं झाली. रुथ शाळेत जाते, बिगरीत. आधी दर महिन्याला, आता दर सहा महिन्यांनी छातीचा फोटो. डॉक्टर 'बरी झाली' म्हणत नाहीत, 'ठीक आहे' म्हणतात. मीही तेवढंच म्हणते. भीती गेलेली नाही. अंघोळ घालताना उजव्या कुशीशी हात अजून थांबतो. पण देव रागावेल ही भीती गेली, तिची जागा रिकामी झाली, आणि तिथं आभार मानायला थोडी जागा मिळाली.

अनुसयाबाई कवठे महांकाळकडं त्यांच्या गावी परत गेल्या. मागच्या महिन्यात त्यांच्या मुलाचं पत्र आलं. आईला मोतीबिंदू झालाय, विहिरीवर दोनदा पडली, पण दवाखान्याचं नाव काढलं की भांडते. म्हणते, सुई डोळ्यात घालत्यात, मी न्हाई जायाची.

अनुसयाबाई, तुमचा मुलगा हे वाचून दाखवील. रुथची पुढची तपासणी झाली की मी येते. तुम्ही नाही म्हणाल, शिव्या घालाल, दाराला आतून कडी लावाल. मी उंबऱ्यावर बसून राहीन. डोळ्याला पट्टी असेल तोवर तुम्हाला भरवीन, हाताला धरून फिरवीन, आणि अकरा दिवस लागोत की एकवीस, खाटेच्या पायथ्याशी माझी चटई असेल. कुणी विचारलंच, कोण लागता, तर सून आहे म्हणून सांगीन.