कामिनीने पारखलेला ड्रायसूट

अड्याळजवळच्या एका गावात कामिनीचं घर. धानाची शेती, पण पोहणं ती गावतळ्यात शिकली, शिंगाडे तोडणाऱ्या बायांच्या मागे फिरून. पुढे वैनगंगेवरच्या धरणाच्या फुगवट्यावर जलक्रीडा केंद्र निघालं, कयाक म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होड्या आणि जेट-स्की आल्या, तेव्हा बचावाच्या कामाला तिला घेतलं. आता ती एकतीस वर्षांची होती; अंगाने काटक, बोलण्यात मोजकी.

केंद्राचे व्यवस्थापक भुपेंद्र नागपूरचे. थंडीत पाण्यात उतरणाऱ्यांसाठी त्यांनी दोन ड्रायसूट पाहायला मागवले. मानेला, मनगटाला रबर घट्ट बसलं की आत थेंब शिरत नाही, असा हा अंगभर पोशाख. एक जाड, खोल बुडी मारणाऱ्यांचा, दुसरा पातळ.

"जाडच ठेवून टाकू, कामिनीताई," ते म्हणाले. "सगळ्याले चालते."

"घालून पाहू द्या न, सर. मंग सांगीन."

जाड सूट घालून ती कयाकमध्ये बसली. दहा-वीस वल्ही मारली तोच खांदे भरून आले. हात मोकळा मागे जाईचना. पातळ सुटात मात्र हात सैल फिरले. थंडी पाहून आतले गरम कपडे कमी-जास्त करता येत होते. जेट-स्कीवर कापड घासेल अशा जागी, गुडघ्यांवर आणि बुडाखाली, जाड ठिगळंही होती.

पोहून पाहावं म्हणून तिने लाइफ जॅकेट काढलं आणि धक्क्यावरून सूर मारला. सुटात कोंडलेली हवा पायांकडे धावली. पाय वर, डोकं खाली! तिने गुडघे पोटाशी ओढले, कूस बदलली आणि खोकत वर आली.

भुपेंद्रांचा चेहरा उतरला होता. "सूट खराब हाय का?"

"नाही, सर. मीच चुकली. हवा काढलीच नाही."

ती धक्क्यावर उकिडवी बसली, तशी सुटातली हवा दाबून वर सरकली; मग गळ्याचं रबर बोटाने उचललं. फुस्स करून हवा गेली. पुन्हा उडी मारली. या खेपेला सरळ तरंगली.

"हाच ठेवा," ती म्हणाली. "बुडीचा वेगळाच लागते. एक सूट साऱ्याले पुरत नाही."

जाड सूट परत गेला. नव्याने येणाऱ्याला ती आधी उकिडवं बसायला शिकवू लागली.

जानेवारीत एकदा आई, सुलोचनाबाई, तिचं काम पाहायला आली.

"थंडी वाजत नाही का वं?"

"पाणी अंगाले लागतच नाही, माय."

"मंग पाण्यात गेल्यावानी वाटते का?"

कामिनीने वल्हं उचललं. "नाही वाटत," ती म्हणाली, आणि कयाक पाण्यात ढकलली.