जावेच्या घरची आफ्रिका

टीव्हीत तिसरी आग लागली आणि माझ्या धाकट्या जावेने छाती बडवून घेतली. "गेलं गं माझं लेकरू!" म्हणून ओरडली. लेकरू माझं होतं.

मुलगा दिंडोरीच्या पॉलीहाऊसमध्ये गुलाबाचं काम शिकला आणि पुढे केनियातल्या गुलाबाच्या मळ्यावर सुपरवायझर म्हणून गेला. त्या वर्षी तिकडे निवडणुकीनंतर दंगल उसळली. त्याचा फोन लागेना. टीव्ही आमच्याकडेही होता, पण त्यात आफ्रिका येत नव्हती. ती जावेकडे यायची. तिच्या गच्चीवर डिशची मोठी छत्री होती आणि तिकडच्या बातम्यांचं एक चॅनल तिला लागायचं. मुलाचा फोनही तिच्याकडेच यायचा. तो तिला तिकडचे शब्द शिकवायचा. "हबारी म्हणजे खबर, ताई," असं ती मला ऐकवायची. मला त्याने एक शब्द शिकवला नाही. मला विचारायचा, गुडघा कसा आहे.

तर त्या दिवशी मी सकाळपासून तिच्या फरशीवर बसले होते. ती सोफ्यावर, रिमोट तिच्या मांडीवर. आधी कोटवाल्या माणसाने आग दाखवली. प्लास्टिकची शेडं भडाभडा जळत होती. मग डोक्याला फडकं बांधलेल्या बाईने वेगळ्याच भाषेत आग दाखवली. मग तिसरी एक बाई आली, तिची भाषा आणखी वेगळी. तिनेही आगच दाखवली.

"तीन मळे गेले, ताई! आता त्याचा कोण सोडतंय?"

तिच्या ओरडण्याने गल्ली गोळा झाली. बायांनी तिला धरलं, पाणी पाजलं. शेजारीण मला म्हणते, "तुम्ही तरी धीर धरा. ती बघा कशी झालीय. तिनंच खेळवलाय ना त्याला."

"मग मी काय उकिरड्यावरून उचलून आणला?" मी म्हटलं.

मला रडू येत नव्हतं. पोरगा माझा आणि रडायचा मान हिला, एवढंच डोक्यात होतं. आजही तेच म्हणेन.

तेवढ्यात फोन वाजला. जावेने झडप घातली. "बाळा! अरे, तीन मळे जळाले ना तिकडं?" मग ती ऐकतच राहिली आणि तिचा चेहरा उतरला. मी फोन हिसकावून घेतला.

"आई, आग एकच हाय," तो म्हणाला. "ते चॅनल एकच बातमी तीन भाषांत देतं. काकूला कितीदा सांगितलं."

"मग जळाला कोणाचा?"

"आमचाच."

माझा मुलगा वाचला. त्याच्या हाताखाली तिथलाच एक माणूस होता, तो शेडमध्ये अडकला. तो वाचला नाही.