दोन घे, दोन!

मला पालकांचा राग येतो. सगळ्यांचा नाही, तारेच्या कुंपणाला नाक लावून बाहेरून शिकवणाऱ्यांचा. इंदिरानगरच्या मैदानावर मी सकाळी शाळेच्या मुलींना बेसबॉल शिकवते आणि रोज कुंपणापलीकडून कुणीतरी ओरडतं, "अगं, बॅट सरळ धर!" अहो, सरळ बॅट क्रिकेटमध्ये. इथे चेंडू टप्पा न घेता अंगासमोरून जातो, तो आडव्या बॅटनंच मारायचा असतो. किती जणांना सांगितलं असेल! पालथ्या घड्यावर पाणी.

त्यातला एक बाप तर माझ्या डोक्यातच जायचा. मूळचा सायखेड्याचा, आता इथे खतं-औषधांचं दुकान. माणूस वाईट नाही, मुलीवर जीव. पण तरुणपणी गावच्या टीमचा ओपनर होता, आणि ते तो आम्हाला विसरू देत नव्हता. मुलगी आठवीत. सकाळी मी तिला शिकवायची: बॅट खांद्यामागे, नजर चेंडूवर, आधी कंबर, मग हात. "मागची टाच अशी फिरव, खाली झुरळ आहे समज." मुली किंचाळून हसायच्या, पण टाच फिरायची. संध्याकाळी बाप सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या चेंडूनं तिची बॅट पुन्हा सरळ करून टाकायचा. दुसऱ्या दिवशी ही माझ्यासमोर बॅट जमिनीवर ठोकत उभी! मी दातओठ खायची आणि पुन्हा कंबरेपासून सुरू करायची.

बॅट सोडणं तर सगळ्यांत अवघड. आमच्या पोरांनी गल्लीत एवढंच पाहिलेलं असतं, की बॅट घेऊन पळायचं, रेघेवर टेकवायची आणि उलट फिरायचं. बेसबॉलमध्ये मारलं की बॅट तिथेच सोडायची, पहिल्या बेसला पाय लावायचा, मग दुसरा, तिसरा, असं गोल फिरून सुरुवातीच्या जागी यायचं. उलट फिरायचंच नाही. तिला हे जमायला अख्खा पावसाळा गेला. पण जमलं. "बॅट हळू सोड, फेकू नकोस, मागे चेंडू झेलायला कॅचर बसलेली असते," एवढंच सांगायचं उरलं होतं.

जिल्ह्याच्या संघाची निवड देवळाली कॅम्पला होती. तिला त्या संघात यायचंच होतं. आठवडाभर तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. तिची पाळी आली. पहिला चेंडू तिनं सोडला. दुसरा मारला. टाच, कंबर, हात, सगळं जागच्या जागी. चेंडू थेट कडेच्या झाडांत गेला. मी उडीच मारली.

तेवढ्यात कुंपणाकडून आवाज आला, "पळ! लय लांब गेलाय! दोन घे, दोन!"

बॅट तिच्या हातातच राहिली. ती पहिल्या बेसपर्यंत पळाली, वाकून बॅट टेकवली, गर्रकन वळली आणि निघाली होती तिथे परत पळत सुटली. बेसला तिचा पाय लागलाच नव्हता, त्यामुळे चेंडू तिथे आला आणि ती बाद झाली. सगळं मैदान हसलं. निवड करणारे सरसुद्धा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तडक कुंपणाशी गेले. "भाऊ, काय केलंत हे?"

"का बरं, मॅडम? दोन तर आरामात होते!"

त्याला खरंच कळलं नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त चीड आली. "उंटावरून शेळ्या हाकायच्या असतील तर घरी हाका," मी सगळ्यांदेखत म्हणाले. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

संघात तिचं नाव आलं नाही. ती पायरीवर बसली होती, बॅट अजून हातातच. "तुला माहीत होतं ना गं?" मी रागातच विचारलं.

"माहीत होतं, मॅडम. पप्पांचा आवाज आला आणि पाय वळले."



दुसऱ्या दिवशी ती सायकलवर आली. मागोमाग बापही स्कूटरवरून आला आणि नेहमीच्या जागी उभा राहिला. मी तोंड उघडणार, तर तीच कुंपणाशी गेली.

"पप्पा, तुम्ही दुकानात जा. मी इथे क्रिकेट खेळत नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी चेंडू उचलायला वाकले.

स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आल्यावर मी चेंडू टाकला. तिनं तो मारला आणि बॅट अशी भिरकावली, की ती लांब धुळीत जाऊन पडली. बॅट फेकणारीला मी मैदानाला एक चक्कर मारायला लावते. त्या दिवशी मी स्वतः जाऊन बॅट उचलून आणली.