कल्पिताच्या पायाचा दोष

कल्पिताला गाडी चालवता येत नाही, हे ठरवायला वर्सोव्याच्या कोळीवाड्यात फार वेळ लागला नाही. पवईच्या चढावर तिच्या हातात गाडी उसळते, एवढा पुरावा पुरला. ठरवणाऱ्यांत पहिला तिचा नवरा कृणाल, ज्याची सकाळ जेवणाच्या ताटासमोरच उजाडायची. दुसरा गॅरेजवाला माणिक. तिसरी सासू सखुबाई. पण तिचा गुन्हा इतकाच, की पोटच्या पोरावर विश्वास ठेवायची तिला जुनी खोड होती.

कल्पिता मढची. बापाचा बर्फाचा टेम्पो लग्नाआधीच तिच्या हाताखालून गेलेला. लाद्या भरलेला टेम्पो ओल्या, चिंचोळ्या गल्लीतून रिव्हर्स काढताना भिंतीला ओरखडा न पाडणारी ही मुलगी सासरी आली, तेव्हा दारात एक जुनी गाडी होती आणि पहाटे उठून ती चालवणारं कोणी नव्हतं. कल्पिताने किल्ली उचलली. मागची सीट काढून टाकली, खाली प्लास्टिक अंथरलं, त्यावर मच्छीचे खोके रचले आणि सासूला शेजारी बसवून पवईच्या टेकडीवरच्या सोसायट्या धरल्या. तोवर सखुबाई टोपली घेऊन रिक्षावाल्यांच्या विनवण्या करायची. आता गिऱ्हाईक गेटवर वाट बघायला लागलं. त्या घरात आपलं म्हणावं असं कल्पिताकडे एकच होतं: रोज सकाळचं ते स्टिअरिंग.

आणि नेमकी गाडी बिघडली. सपाट रस्त्यावर शहाण्यासारखी चालायची. टेकडीचा चढ लागला, की आधी मरगळायची, मग कोणी मागून लाथ मारल्यासारखी उसळायची, पुन्हा मरगळायची. ॲक्सिलरेटरवरचा पाय जिथल्या तिथे असायचा. मागचे हॉर्न बोंबलायचे, बोंबील खोक्यातून बाहेर यायचे आणि सखुबाई देवाचं नाव घ्यायची.

माणिकने गाडी तपासली म्हणजे काय केलं, तर बॉनेट उघडून कृणालशी क्रिकेटवर गप्पा मारल्या. प्लग बदलले, फिल्टर बदलला, एक चक्कर मारून आला. तीही रिकामी गाडी घेऊन, सपाट रस्त्यावर. "गाडी एकदम झकास," त्याने कृणालला सांगितलं. गाडी चालवणारी बाई दोन हातांच्या अंतरावर उभी होती, पण तिला विचारायचं कशाला? "वहिनींचा पाय स्टेडी नाही. चढावर घाबरतात. लेडीजचं असंच असतं ना."

कृणालला एवढंच हवं होतं. खरं तर त्याला गाडीच हवी होती. संध्याकाळी मित्रांना घेऊन लोखंडवाल्यात मिरवायला ती लागायची आणि मच्छीचा वास त्याला सोसायचा नाही. मच्छी विकून वाढलेल्या, मच्छी खाऊन पोसलेल्या या राजकुमाराचा हुकूम होता, की दुपारी गाडी आतून धुतलीच पाहिजे. पुसून नाही, धुऊन! सखुबाई बिचारी पाइप लावून ती न्हाऊ घालायची. मग साहेब आत अत्तर शिंपडायचे.

"रविवारपासून गाडी मी चालवणार," त्याने जाहीर केलं. "तू घरी बस. आईचा धंदा बुडवशील."

कल्पिताच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यातून वाईट हे, की सासूनेही मान डोलावली.

त्याच आठवड्यात कोळीवाड्याचं पाणी गेलं. पाइपलाइनचं काम निघालं, नळाला थेंब नाही. प्यायला पाणी नव्हतं तिथे गाडी कोण धुणार? आणि गाडी चढ चढली. दुसऱ्या दिवशीही चढली, खोके भरलेले असून. पाणी आलं, सखुबाईने गाडी धुतली आणि सकाळी पुन्हा तीच लाथाळी. कल्पिताच्या डोक्यात लख्ख झालं.

तिने कृणालला सांगितलं, "धुणं बंद कर. पाणी आत कुठेतरी जातंय." तेव्हा माणिकही बसला होता. दोघं इतके हसले, की माणिकच्या हातातला चहा सांडला.

"गाडी काय मीठ आहे का, विरघळायला?" कृणाल म्हणाला.

कल्पिताने वाद घातला नाही. दोघं उठून गेल्यावर तिने मागचं प्लास्टिक उचललं. सीट होती तिथे खाली, पेट्रोलच्या टाकीवर, पंपाचं गोल झाकण. आत तारांचा प्लग, मच्छीच्या खाऱ्या पाण्याने हिरवा पडलेला. प्लास्टिकखाली पाणी साचलेलं. सपाटीला ते पुढे राहायचं. चढ लागला की मागे येऊन प्लगात शिरायचं, आणि इंजिनाला पेट्रोल जास्त लागायचं नेमकं तेव्हा पंप आचके द्यायचा. तिने प्लास्टिक होतं तसं अंथरलं. सांगून झालं होतं. आता बघू दे, असं तिने मनाशी ठरवलं.

शनिवारी कृणालने पाइप स्वतःच्या हाती घेतला. उद्या पहिला दिवस! "नळ सोड गं," तो ओरडला. कल्पिताने नळ पूर्ण सोडला.

रविवारी पवईच्या चढावर गाडीने कृणालला असा काही नाच नाचवला, की अर्ध्यातच ती बंद पडली. खोके उतरवायला म्हणून आलेली कल्पिता मागे उलट्या खोक्यावर बसली होती.

"गाडीच भंगार आहे ही!" कृणाल स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाला.

सखुबाईने मान वळवून पोराकडे पाहिलं. "तिच्या हातात पाय खराब, आनि तुज्या हातात गाडी खराब?"

"आई, तसं नाही गं—"

"उतर. माजी मच्छी तापते."

तो उतरला. कल्पिताने मागचं प्लास्टिक उचलून धुण्याचं साचलेलं पाणी सासूला दाखवलं, पंपाचं झाकण उघडलं, प्लग काढला, ओढणीने कोरडा केला, घासला, घट्ट बसवला आणि पुढे येऊन बसली. गाडी मुकाट वर गेली. "कृणाल?" तिने विचारलं. "येल चालत," सखुबाई म्हणाली.

पण संध्याकाळी हा बहाद्दर दारातल्या बाकावर मित्रांना सांगत होता, की बिघाड त्याने एका फेरीत पकडला. आत भात रांधणाऱ्या कल्पिताच्या हातातला डाव थांबला. इतकी निर्लज्ज माणसं असतात आणि त्यांतलं एक आपल्या वाट्याला यावं!

"कुठे होता रे फॉल्ट?" माणिकने विचारलं.

"सेन्सर," कृणाल म्हणाला. "सेन्सर गेला होता."

उंबऱ्यावर कोळंबी सोलत बसलेल्या सखुबाईने मान वर केली नाही, आवाज मात्र केला.

"सेन्सर नाय रे, माणिक. फॉल्ट याच्या नाकात व्हता. आयशीच्या मच्छीचा वास येतो याला, म्हनून माज्या हातून गाडीत पानी ओतवलं, आनि बोल लावला सुनेच्या पायाला." मग घरात तोंड करून म्हणाली, "कल्पिता, किल्ली तुज्याजवल ठेव गो. याला फिरायचं तर रिक्षा हाय."