हमूरची डोकी

टेबलावर मासा नव्हता, फक्त डोकं होतं. ते मधोमध चिरून मी चिमट्याने आतला दगड काढत होतो. मेनन सर, माझे मॅनेजर, दारात उभे राहून विचारत होते, "हो जाएगा ना? सोमवारी प्रेझेंटेशन आहे."

दगड म्हणजे ओटोलिथ. माशाच्या कानात असतो, चिंचोक्याएवढाही नसतो. त्याचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात. एक वर्तुळ, एक वर्ष. थंड समुद्रातल्या कॉडचं वय असंच काढतात. आम्ही हमूरचं काढत होतो. एक्स्पोर्टच्या खोक्यावर हमूरला रीफ कॉड म्हणतात, आमच्या रत्नागिरीत गोब्रा. कॉडशी त्याचं नातं काही नाही, नाव तेवढं.

मी आखातात, अल् खुवैरमधल्या एका कन्सल्टन्सीत फिशरीज बायॉलॉजिस्ट आहे. किनाऱ्यावरच्या खाबुरा गावासमोर समुद्रात एक खडक आहे, तिथे हमूर अंडी घालायला जमतात. त्या महिन्यांत मासेमारी बंद ठेवावी का, हे तिथल्या मच्छिमारांच्या समितीला आमच्याकडून जाणून घ्यायचं होतं. हमूर जन्मतो मादी म्हणून, आणि मोठा झाल्यावर त्यातले काही नर होतात. म्हातारे मासे भरपूर असतील तर चिंता नाही. ते कमी असतील तर नर कमी, आणि घातलेली अंडी वाया.

अख्खे हमूर विकत घ्यायला बजेट नव्हतं. युक्ती मी काढली. खाबुऱ्याच्या बाजारात रफीकभाई मासे कापून देतात, मूळचे दापोलीकडचे. गिऱ्हाईक सोडून जाईल ती डोकी ते माझ्यासाठी क्रेटमध्ये ठेवू लागले. फुकट. मेनन सरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. दगडांवरची वर्तुळं मोजली तर म्हातारे मासे भरपूर निघाले. रिपोर्ट लिहून झाला.

प्रेझेंटेशनच्या आधीच्या शुक्रवारी मी शेवटचा क्रेट आणायला गेलो, तेव्हा सुजाता, माझी बायको, बरोबर होती. तिने एक लहानसा हमूर घेतला. मी सवयीने डोकं क्रेटकडे सरकवलं. तिने ते उचलून पिशवीत टाकलं.

"अहो, एवढ्याशा माशाचं डोकं सोडलं तर कालवणात उरेल काय?"

रफीकभाई हसले. "डाक्टर, आज तुमचा क्रेट उपाशी."

मीही हसलो. वादी अदाईतल्या आमच्या घरी जेवायला बसलो आणि दाताखाली काहीतरी कडक आलं. बोटावर घेऊन पाहिलं. दगड होता. बारका, कोवळ्या माशाचा.

लहान हमूर घरोघरी जातो, डोक्यासकट. मोठा हमूर हॉटेलवाले घेतात. त्यांना नुसती बिनकाट्याची फिले हवी असते, डोकं ते तिथेच टाकतात. म्हणजे माझ्या क्रेटमध्ये येत होती ती मुख्यतः मोठ्यांची डोकी. समुद्रात म्हातारे भरपूर नव्हते, क्रेटमध्ये होते. कोवळ्यांचे दगड लोकांच्या ताटाच्या कडेला पडत होते, आत्ता माझ्या पडला तसे. आणि मी रत्नागिरीचा. गोब्र्याच्या डोक्यावरून आम्ही भावंडं भांडलेलो आहोत.

"काटा लागला का?" सुजाताने विचारलं.

मी हो म्हटलं.

हातात शनिवार होता, रविवार होता. मेनन सरांना फोन करता आला असता. माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यूला आलं होतं, आणि बरीच वर्षं मी स्वतःला तेच कारण सांगत आलो. खरं कारण त्याहून लहान आहे. युक्ती माझी होती, तिचं कौतुक झालं होतं.

सोमवारी समितीसमोर मेनन सरांनी सहज विचारलं, "सॅम्पल रँडम आहे ना?"

"येस सर."

समितीत सालिम होता. तो हमूर गरगूरने धरायचा. गरगूर म्हणजे तारेचा घुमटासारखा पिंजरा. आमच्या बोटीच्या फेऱ्या त्याच्याबरोबरच व्हायच्या. स्लाइड्सकडे त्याने फारसं पाहिलं नाही. तो हिंदीत माझ्याशीच बोलला.

"डॉक्टर, तुम बोलो. उन महीनों में गरगूर उठाना है, तो मैं सबको बोलेगा. सब मानेगा. उठाना है कि नहीं?"

त्याचं घर त्या खडकावर चालायचं, तरी बंद ठेवायची त्याची तयारी होती. मी म्हटलं, "जरूरत नहीं."

"खलास," तो म्हणाला, आणि सगळे चहाला उठले.

त्या आणि पुढच्या मोसमांत खडकावर गरगूर पडत राहिले. आधी मोठे हमूर दिसेनासे झाले, मग जमणारा थवाच विरळ झाला. आता तिथे गरगूर टाकायला कोणी जात नाही. सालिमने बोट विकली, तो पाण्याचा टँकर चालवतो. पाणी तापलं, बाहेरच्या मोठ्या बोटी आल्या, अशी कारणं मी कॉन्फरन्समध्ये देतो. ती खोटी नाहीत. मला सोयीची आहेत.

गेल्या ईदला मी खाबुऱ्याला जाऊन सालिमला सगळं सांगितलं. डोकी, क्रेट, माझं ताट, तो शुक्रवार. त्याच्या अंगणात गंजलेले गरगूर एकावर एक रचलेले होते. त्याने ऐकून घेतलं, माझा काहव्याचा कप पुन्हा भरला. मग म्हणाला, "सोमवार को मालूम था?"

"था."

मी उठलो तेव्हा तो दारापर्यंत सोडायला आला, पाहुण्याला सोडतात तसा. "फिर आना" तेवढं म्हणाला नाही. दर वेळी म्हणायचा.

परतताना बाजारात थांबलो. रफीकभाईंच्या ठेल्याखाली क्रेट अजून आहे. हॉटेलवाले आता फ्रोझन फिले मागवतात, त्यामुळे डोकी पडत नाहीत. क्रेटमध्ये ते बर्फ ठेवतात.

शास्त्रज्ञांचे अंदाज चुकत गेले आणि कॉडचे थवे कसे संपले, हे आमच्या धंद्यात पहिल्याच वर्षी शिकवतात. इतकी शिकलेली माणसं असं कसं होऊ देतात, असा प्रश्न तेव्हा वर्गात मीच विचारला होता. आता नवीन पोरं ऑफिसात येतात, त्यांना मी सांगतो: टेबलावर आलेलं मोजायच्या आधी, जे आलं नाही ते कुठे गेलं ते विचारा. ते लिहून घेतात. कळल्यावर लगेच तोंड उघडा, हेही सांगायला हवं. ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.